मोहाखालचा तास कोण घेणार? कॉलेजच्या अभ्यासक्रमात आदिवासी ज्ञान आणताना

चारोळी (धागाकर्ती) | १८ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका कॉलेजात चौदा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवते. माहेर अमळनेरचं, घरात अहिराणी. पावरी आणि मावची विद्यार्थ्यांकडून शिकले, अजून बोलताना अडखळते.

पदवीच्या पहिल्या वर्षाला आता भारतीय ज्ञान प्रणालीचे २ क्रेडिट आहेत, म्हणजे साधारण ३० तास. २०२० च्या शैक्षणिक धोरणात या विषयाखाली आदिवासी ज्ञान आणि शिकण्याच्या पारंपरिक रीती यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आम्ही मात्र शून्याचा शोध, आर्यभट आणि सुश्रुत एवढंच शिकवतो. ते शिकवायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०११ च्या जनगणनेप्रमाणे आमच्या जिल्ह्यात ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. वर्गात समोर पावरा, भिल, मावची, कोकणा पोरं बसलेली असतात आणि त्यांच्या घरातलं एक अक्षर त्या ३० तासांत नसतं. आमच्या प्राचार्यांनाही हे खटकलं. "स्थानिक ज्ञानाचा पेपर तयार करा, पुढाकार तुम्ही घ्या," असं त्यांनी मला सांगितलंय. अभ्यास मंडळाकडे मसुदा जूनमध्ये द्यायचा आहे.

होकार देण्याआधी एक गोष्ट इथे लिहिणं भाग आहे. सहा वर्षांपूर्वी मी टीवायच्या मुलांना प्रकल्प दिला होता: आपापल्या गावातल्या औषधी वनस्पतींची यादी करा. मुलांनी जीव ओतून काम केलं. बासष्ट वनस्पती, स्थानिक नाव, कोणता भाग वापरतात, कशावर, कुठल्या उतारावर सापडते. मी त्याचा अहवाल केला, ग्रंथालयात ठेवला, एका चर्चासत्रात वाचला. दोन वर्षांनी त्यातल्याच एका गावाच्या डोंगरावरची सफेद मुसळी बाहेरच्या माणसांनी मुळासकट खणून नेली. ती जागा अहवालात वर्णनासकट होती. अहवालामुळेच झालं असं सिद्ध होणार नाही. पण ज्या बाबांनी मुलांना रानात फिरवलं होतं, ते मला बाजारात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "झाड कशाचं ते तू विचारलंस. कोणाला सांगू का, ते नाही विचारलंस." त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत.

म्हणून घाईने मसुदा करायची भीती वाटते. तास कुणी घ्यायचे, कुठे, मानधन कसं, परीक्षा कसली, आणि काय अजिबात लिहायचं नाही? अनुभव असेल त्यांनी सविस्तर लिहा.

---

पांझराकाठ | १८ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, तुम्हनं म्हननं पटनं. मी धुळे जिल्ह्यातला, स्थापत्य अभियंता, काही वर्षं अध्यापनही केलंय. तुमचा विषय आदिवासी ज्ञानाचा आहे हे ठाऊक आहे, तरी फड सिंचन पद्धतीबद्दल लिहितो, कारण दुखणं एकच आहे.

पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड चालले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या, जादा पाणी नदीत परत सोडायला सांडम. भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ, आणि थळाचे फड पाडलेले. एका फडात एकच पीक. एकात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू-हरभरा, आणि दरवर्षी फेरपालट. शेतकऱ्याचा तुकडा बहुतेक प्रत्येक फडात असायचा. पाणी कमी असलं की गाव बसून ठरवायचं, यंदा अमुक फड कोरडा. म्हणजे तुटीचा वाटा सगळ्यांच्या अंगावर पडायचा, शेपटाकडच्या एकट्यावर नाही. पाणी द्यायला पाटकरी, त्याच्यावर देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या. मीटर नाही, पंप नाही, सगळं उतारावर.

आता मी पदवीला काय शिकलो? सिंचन व्यवस्थापनात वारबंदी, म्हणजे ठरलेल्या पाळीने पाणी देणं शिकलो, पंजाब-हरियाणाची. परदेशातल्या पाणीवापर संस्था शिकलो. २००५ मध्ये राज्यात शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला, तोही पुढे वाचला. माझे आजोबा ज्या पाटाच्या बैठकीला जायचे, तो पाट कॉलेजपासून तासाभरावर होता आणि चार वर्षांत कुणी आम्हाला तिथे नेलं नाही. मला फड समजला तो नोकरी लागल्यावर, एका म्हाताऱ्या पाटकऱ्याबरोबर चालताना. चारी कुठे फुटली ते त्याला पाण्याच्या आवाजावरून कळायचं.

माझा मुद्दा: स्वतंत्र पेपर कराच, पण तेवढ्यावर थांबू नका. फड सिंचनाच्या मुख्य पेपरात आला पाहिजे, मोर आणि बर्टी ही भरडधान्यं कृषिविद्येच्या मुख्य पेपरात. वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेलं ज्ञान मुलं २ क्रेडिटपुरतं पाठ करतात आणि सोडून देतात.

---

अक्राणीचा_पोर | १९ एप्रिल, सकाळी ७:१५

मी पावरा आहे. धडगाव तालुका. बीएस्सी ॲग्री केलंय, सध्या पुण्यात पुढचं शिकतोय. दोन्ही पोस्टी वाचून रात्रभर झोप नाही आली, म्हणून लिहितो.

माझी आजी मोर, बर्टी, भादी, राळा यांचं बी वेगवेगळ्या भोपळ्यांत आणि कणगीत ठेवते. राख किती, कोणतं कणीस खुडायचं, कोणतं पोटाला आणि कोणतं पेरायला, हे तिचं ती जाणते. उतारावर कुठल्या बाजूला काय पेरायचं हेही तिलाच विचारतात. उपवासाला शहरात जी भगर खातात ना, ती आमची मोर. आम्ही ती उपवासाला नाही, रोज खातो.

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला वर्गात ऐकलं: स्थानिक वाण म्हणजे कमी उत्पादन देणारे, सुधारित वाण लावा. मी ते वहीत लिहून घेतलं. सुटीत घरी येऊन आजीला सांगितलंही. ती काही बोलली नाही, पण त्या वर्षी तिने भादी पेरलीच नाही. पुढच्या वर्षी संपूर्ण गावात भादीचं बी दोन घरांत उरलं होतं. २०२३ ला जगभर भरडधान्य वर्ष झालं, माझ्याच कॉलेजात त्याचं पोस्टर लागलं, तेव्हा मला तोंड फिरवून बसलेली ती आठवली.

चारोळी मॅडम, तुम्ही चांगल्या मनाने विचारताय. पण 'पुढाकार तुम्ही घ्या' हे वाक्य मला टोचलं. पुढाकार तुमचा का? आजीचा का नाही? तुम्ही मसुदा करणार, मंजूर झाला की आजीला 'व्याख्यानाला' बोलावणार, शाल देणार, फोटो काढणार. मसुदा लिहायच्या आधी गावात बसा. आमच्याकडे शेताच्या कामाला लाह बोलावतात, सगळे येतात, घरधनी जेवू घालतो. लाह कधी बोलवायची ते ज्याचं शेत तो ठरवतो. हे शेत आमचं आहे.

आणि भाषेचं बघा. पावरीत बोलणारी आजी मराठीत बोलली की निम्मं बोलत नाही. २०११ च्या जनगणनेत भिली गटाच्या भाषा मातृभाषा म्हणून सांगणारे १ कोटीवर आहेत, तरी कॉलेजात आमची भाषा फक्त कँटीनमागे बोलली जाते.

---

चारोळी | १९ एप्रिल, दुपारी १:३०

अक्राणीचा_पोर, दादा, टोचलं ते बरोबर जागी टोचलं. मसुदा बाजूला ठेवलाय. गावात बसण्याचं कसं करू, ते तुम्हीच सांगा.

---

तापीतून_दूर | १९ एप्रिल, रात्री १०:२०

भुसावळची, सध्या कॅनडात विनिपेगला एका महाविद्यालयात प्रशासनात काम करते. इथल्या गोष्टी जशाच्या तशा खान्देशात लागू होत नाहीत, पण चुका सारख्याच होतात म्हणून सांगते.

इथे मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं जायचं, सुमारे दीड लाख मुलं त्यातून गेली. भाषा बोलली की शिक्षा. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बंद झाल्या. सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यातली बासष्टावी अशी, की मूळनिवासी ज्ञान आणि शिकवण्याच्या पद्धती वर्गात कशा आणायच्या हे शिक्षकांना शिकवायला उच्च शिक्षण संस्थांना पैसा द्या. म्हणजे आधी शिक्षकाने शिकायचं. २०१६ पासून विनिपेग आणि लेकहेड या विद्यापीठांनी प्रत्येक पदवी विद्यार्थ्याला मूळनिवासी विषयाचा किमान एक अभ्यासक्रम सक्तीचा केला.

आता न दिसणारी बाजू. सक्ती आली की शिकवायला माणसं लागतात. मग त्याच दोन-चार ज्येष्ठांना सगळे विभाग बोलावतात. समारंभाला, समितीला, वर्गाला, शोकसभेलासुद्धा. माणूस थकतो. इथे ज्येष्ठांना भेटायची रीत असते, बऱ्याच समाजांत तंबाखू देऊन विचारायचं आणि ते हो म्हणाले तरच पुढे जायचं. सुरुवातीला मी थेट ईमेलवर निमंत्रण पाठवत असे. उत्तर यायचं नाही. मला वाटायचं, त्यांना रस नाही.

एक विचार मनात घर करून आहे. मिगमाक समाजातले ज्येष्ठ आल्बर्ट मार्शल म्हणतात, एका डोळ्याने मूळनिवासी ज्ञानाचं बळ पाहावं, दुसऱ्याने पाश्चात्त्य विज्ञानाचं, आणि दोन्ही डोळे मिळून सगळ्यांच्या भल्यासाठी वापरावेत. एक डोळा झाकून दुसऱ्याला मदतनीस करायचं नाही.

---

रसायन_जळगाव | २० एप्रिल, सकाळी ८:५०

थोडा विरोधी सूर लावतो, कृपया मनाला लावून घेऊ नका. पंचवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालोय. फड, बियाणं, पाट यांवर माझा आक्षेप नाही, ते डोळ्यांनी तपासता येतं. भीती आहे ती औषधांची. साप चावल्यावर भगताकडे नेण्यात वेळ गेला आणि मूल गेलं, हे मी माझ्या विद्यार्थ्याच्या घरी पाहिलंय. प्रतिसर्पविष लस ग्रामीण रुग्णालयात असते, पण तिथे वेळेत पोचावं लागतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं निदान रक्ततपासणीनेच होतं. विद्यापीठाचा शिक्का बसलेल्या पेपरात 'सर्पदंशावर अमुक मुळी' असं छापलं आणि एखाद्या मुलाने ते खरं मानलं, तर जबाबदार कोण?

पारंपरिक ज्ञान नाकारा असं मी म्हणत नाही. सर्पगंधा घ्या. पिढ्यान् पिढ्या वापरात होती, मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा अभ्यास केला, १९४९ मध्ये तो ब्रिटिश नियतकालिकात छापला, १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं केलं गेलं आणि जगभर वापरलं गेलं. तपासलं म्हणून ते टिकलं.

---

अक्राणीचा_पोर | २० एप्रिल, दुपारी १२:१०

सर, साप चावल्यावर दवाखाना, यात मला शंका नाही. माझा चुलतभाऊ तसाच वाचला. गावातला बडवाच, म्हणजे आमचा भगतच म्हणाला होता, आधी जीप बोलवा. पण 'तपासलं म्हणून टिकलं' हे अर्धं आहे. सर्पगंधा ज्यांनी आधी ओळखली, त्यांचं नाव त्या १९४९ च्या लेखानंतर कुठे राहिलं?

---

चारोळी | २० एप्रिल, रात्री ८:००

रसायन सर, तुमची भीती मला मान्य आहे, तिची नोंद मसुद्यात पहिल्या पानावर जाईल. आत्ता एवढं ठरवलंय: रोगोपचार, मात्रा, मुळ्या या पेपरात येणारच नाहीत. दोन कारणं. एक तुमचं, जिवाशी खेळ नको. दुसरं माझं, ते ज्ञान ज्यांचं आहे त्यांनी ते सगळ्यांसाठी ठेवलेलंच नाही. मग उरतं काय? बियाणं, रानभाज्या, पाणी, जंगलाची वर्षभराची राखण, ऋतूंचं गणित, भाषा, गायणं. ३० तासांना पुरून उरेल.

---

वकील_धुळे | २१ एप्रिल, सकाळी १०:३०

कायद्याची बाजू थोडक्यात. २००६ च्या वनहक्क कायद्यात, कलम ३ मधल्या हक्कांच्या यादीत, जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समूहाचा हक्क मान्य केलाय. अक्राणी (धडगाव), अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले तालुके, तिथे १९९६ चा पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) लागू, आणि परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेचा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. चारोळीताईंनी पहिलं काम म्हणून ती नोंदवही कुणी, कुणाला विचारून भरली हे पाहावं.

केरळातल्या काणी लोकांची गोष्ट मुलांना जरूर शिकवा. १९८७ मध्ये अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञ चढताना दमले, काणी वाटाडे दमेनात, कारण ते एक रानफळ चघळत होते: आरोग्यपच्चा. त्यावरून 'जीवनी' औषध झालं. शास्त्रीय संस्थेने तंत्रज्ञान एका कंपनीला १० लाख रुपये आणि विक्रीवर २ टक्के या बोलीवर दिलं आणि त्यातला निम्मा वाटा काणींना द्यायचं ठरवलं. १९९७ मध्ये त्यासाठी त्यांचा न्यास नोंदला. जगभर याचं कौतुक झालं. पण सगळ्या काणी वस्त्यांना विचारलं नव्हतं, त्यावरून वाद झाले, आणि ही वनस्पती जंगलातून काढण्यावर वनखात्याने हरकत घेतल्यावर पुरवठाही अडला. वाटा दिला तरी विचारणं राहून गेलं की काय होतं, ते यात दिसतं.

ताई, ग्रामसभेचा लेखी ठराव घ्या. त्यात 'परत घेण्याचा अधिकार' लिहा. आज दिलेली माहिती उद्या काढून टाका म्हणाले, तर कॉलेजने काढायची.

---

निवृत्त_अधीक्षक | २१ एप्रिल, दुपारी ४:४५

मी कॉलेज कार्यालयात तीस वर्षं बिलं काढली. वर सगळं मोठं मोठं चाललंय, पण गाडी अडते ती मानधनाच्या बिलावर. आमच्या नमुन्यात 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना असायचा. एकदा रानभाज्या ओळखायला दोन बायकांना बोलावलं होतं. तो रकाना मोकळा, बँक खातं दुसऱ्या तालुक्यात, पॅन नाही. बिल सात महिने फिरलं आणि शेवटी प्रवासखर्च तेवढा मिळाला. त्या बाया पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो.

म्हणून आधी महाविद्यालय विकास समितीत ठराव करून घ्या: 'स्थानिक ज्ञानधारक' हा वर्ग, पात्रता म्हणजे ग्रामसभेची शिफारस, दर तासाला अतिथी प्राध्यापकाइतकंच मानधन, आणि पैसे आठ दिवसांत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची (कामाच्या अनुभवावर नेमलेल्या अध्यापकांची) मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात औपचारिक पदवीची अट नाही. कलाकार-कारागिरांना संस्थेत निवासी नेमण्याचीही तत्त्वं २०२३ मध्ये आली. कागद आहेत, वापरायला हवेत. बिलाचा नवा नमुना हवा असेल तर मी करून देईन, एक रुपया घेणार नाही.

---

अक्राणीचा_पोर | २२ एप्रिल, सकाळी ६:५०

अधीक्षक काका, तुमची पोस्ट मी वडिलांना वाचून दाखवली. ते म्हणाले, हे काका गावात येतील का?

एक राहिलं. वेळापत्रक. मोहफुलं फाल्गुन-चैत्रात पडतात, पहाटे वेचायला जावं लागतं, आणि तेव्हाच तुमच्या परीक्षा. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत, ते होळीला परत येतं. पावसाळ्यात आजीला शेतातून हलायला वेळ नाही. मग आजी येणार कधी? कॉलेजने आजीच्या वर्षाप्रमाणे चालायला हवं. जूनमध्ये पेरणी, भाद्रपदात रानभाज्या, कार्तिकात कापणी आणि बी निवडणं, होळीला गायणं, चैत्रात मोह. आठवड्याला दोन तास असं भरायचं नाही. पाच वेळा जायचं, प्रत्येक वेळी दीड-दोन दिवस.

मॅडम, पुढच्या रविवारी गावात या. एकट्या या, वही नको.

---

चारोळी | १६ जून, रात्री १०:१०

धागा वर काढतेय, उशिराबद्दल क्षमस्व.

तीन वेळा जाऊन आले. पहिल्यांदा वहीशिवाय. कुणी काही विचारलं नाही, मीही नाही. आंब्याच्या फोडी वाळत घातल्या होत्या, त्या उलटवायला मदत केली. दुसऱ्यांदा ग्रामसभेत बसले. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट मीच सांगितली, मुसळीसकट. फार वेळ कुणी बोललं नाही. मग एका बाईंनी विचारलं, "तो अहवाल अजून कॉलेजात आहे का?" तिसऱ्यांदा गेले तेव्हा ग्रंथालयातली प्रत सोबत होती. ती गावाच्या ताब्यात दिली. गावाचं नाव आणि जागांची वर्णनं चर्चासत्राच्या पुस्तिकेतूनही काढावीत असं पत्र आयोजकांना पाठवलंय.

ग्रामसभेचं म्हणणं असं: बियाणं आणि रानभाज्या शिकवू, गायणं होळीलाच आणि रात्रीच ऐकायला या, औषधाचं काही विचारू नका. कोण शिकवणार ते गाव ठरवेल, दरवर्षी वेगळी माणसं, एकावर ओझं नको (हे तापीतून_दूर यांच्या पोस्टवरून मीच सुचवलं होतं). विद्यार्थ्यांची तोंडी परीक्षा पावरीत, गुण देताना गावातला एक जण बसणार. मराठी घरातल्या मुलांना किमान वीस शब्द आले पाहिजेत, मलासुद्धा.

अभ्यास मंडळाने मसुदा एकदा परत पाठवला. शेरा: संदर्भग्रंथांची यादी नाही. मी तिथे ज्ञानधारक म्हणून ग्रामसभेचं नाव आणि ठरावाची तारीख लिहून पुन्हा पाठवलाय. मंडळातल्या दोघांनी बाजू घेतली, एकांनी जोरात विरोध केला. निर्णय पुढच्या बैठकीत. प्राचार्यांनी तोवर वाट न पाहता एक तुकडी क्षेत्रभेट म्हणून सुरू करायला परवानगी दिलीय. निवृत्त_अधीक्षक काकांचा नमुना वापरून पहिलं मानधन सहाव्या दिवशी जमा झालं. काका स्वतः गावात आले होते, खातं उघडून द्यायला.

परवा अक्राणीच्या आजींनी पहिला तास घेतला. अंगणात, भोपळे समोर मांडून. मोर, बर्टी, राळा आणि शेवटी भादी, दोन घरांत उरलेल्यापैकी. प्रत्येक विद्यार्थ्याला मूठभर बी कापडात बांधून दिलं. रीत अशी, की पेरायचं आणि दिवाळीनंतर दुप्पट परत आणायचं. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्यासाठी कॉलेजमागची अर्धा गुंठा जागा नांगरून घेतलीय. पांझराकाठ, तिथल्या उताराला पाट कसा काढायचा ते बघायला शनिवारी याल का?

एकूण सदतीस पुड्या गेल्या. एक माझी आहे.

---

पांझराकाठ | १६ जून, रात्री १०:४५

शनिवारी सकाळी सातला निघतो. फावडं मन्हं मी लयसू.

---

अक्राणीचा_पोर | १७ जून, सकाळी ६:३०

आजी विचारतेय, बाईंनी भादी पेरली का? पाऊस रविवारी आहे म्हणे. त्याआधी पेरा, आणि ओळी दाट नको.